ताटातून काय काढायचं, काय परत वाढायचं

घरातलं एखादं माणूस महिनोन्‌महिने थकलेलं असतं. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं, जेवल्यावर पोट फुगतं, मधूनच अंगावर पित्त उठतं. मग येणारा-जाणारा प्रत्येक जण काहीतरी बंद करायला सांगतो. गहू सोडा, दूध सोडा, आंबट सोडा, वांगं तर घरात आणूच नका. तीन-चार महिन्यांत ताटात मऊ भात, मुगाचं वरण आणि दुधीची भाजी एवढंच उरतं. वजन उतरतं आणि थकवा होता तिथेच राहतो, कित्येकदा वाढतो.

आहारातून अशा माणसाला खरोखर मदत करता येते, पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये आपण एक गोष्ट सांभाळायची आहे. ताटातून निघणाऱ्या प्रत्येक पदार्थामागे एक तर पक्का पुरावा असावा, नाही तर तो परत कधी वाढून बघायचा याची तारीख ठरलेली असावी.

सुरुवात डॉक्टरांपासून करावी, आणि तोपर्यंत जेवणात काहीही बदलू नये. दीर्घ थकव्याची बरीच कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात: रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे घरातली बाई थकलेली असेल तर आधी लोह बघावं, पदार्थांवर संशय नंतर. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करून घ्यावं. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं मोजमाप. हिमोग्लोबिन ठीक असतानाही हा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि थकवा तेवढ्यानेही येतो.

याच वेळी डॉक्टरांना सीलिअ‍ॅक आजाराबद्दल विचारावं. या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर झिजलं की लोह, फोलेट, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. पोट बिघडलेलं असेलच असं नाही. कधी कधी फक्त थकवा असतो आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही. उत्तर भारतातल्या गहू खाणाऱ्या भागात हा आजार जास्त सापडतो, पण महाराष्ट्रातही आहे. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी गहू आणि या आजाराचं नातं दाखवून दिलं. त्यांचा प्रबंध १९५० चा. तोपर्यंत हा आजार असलेल्या मुलांना नेमकं काय बाधतं हेच ठाऊक नव्हतं. आज एका रक्ततपासणीने दिशा मिळते. तिचं नाव टीटीजी-आयजीए, आणि तिच्याबरोबर रक्तातलं आयजीए नावाचं प्रतिपिंड एकूण किती आहे हेही मोजावं लागतं, कारण ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं त्यांचा अहवाल फसवा येतो. अहवालात दोष दिसला तर पोटाचे डॉक्टर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून आणि तो तपासून खात्री करतात.

इथे होणारी चूक फार महागात पडते. लोक आधी गहू सोडतात, थोडं बरं वाटतं, आणि मग तपासणी करतात. गहू बंद असला की रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि आजार असूनही अहवाल कोरा येतो. तपासणी खरी यायची असेल तर आधीचे निदान सहा आठवडे रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत गहू पोटात जायला हवा. गहू सोडून बराच काळ झाला असेल तर हे डॉक्टरांना न विसरता सांगावं.

आता अ‍ॅलर्जी. हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यामागे निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं पथ्य वेगळं असतं. खरी अन्न-अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराने एखाद्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजणं. ती झटपट दिसते, बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत. अंगावर गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, उलटी होते, श्वास अडतो. इथे कणभर पदार्थही चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे न सोसणं. त्यात संरक्षणयंत्रणेचा संबंध नसतो, पचनाचा असतो. सगळ्यांत परिचित उदाहरण दुधाचं. दुधातली लॅक्टोज नावाची साखर पचवणारं एन्झाइम मोठेपणी अनेकांमध्ये कमी होतं, म्हणून दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. अशा माणसाला दही, ताक बऱ्याचदा चालतं आणि थोडं दूध जेवणासोबत सोसतंही. पण दुधाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर दही, ताक, पनीर, खवा सगळंच वर्ज्य. गाईचं बाधतं म्हणून म्हशीचं किंवा शेळीचं दूध देऊन बघणंही धोक्याचं, कारण या दुधांतली प्रथिनं एकमेकांशी फार जुळतात. आपल्याकडे ही गल्लत सर्रास होते. कुणी लॅक्टोजपायी वर्षानुवर्षं ताकही सोडतं, तर कुणी खऱ्या अ‍ॅलर्जीवाल्या मुलाला शेळीचं दूध पाजतं.

पुढच्या पायरीआधी एक गोष्ट पक्की करून ठेवावी. आजवर एकदाही पदार्थ खाऊन जीभ-घसा सुजला असेल, धाप लागली असेल, आवाज बसला असेल किंवा चक्कर येऊन कोसळायला झालं असेल, तर घरी कुठलाही प्रयोग करायचा नाही. ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची लक्षणं आहेत, म्हणजे सगळ्या शरीराला एकदम घेरणारी जीवघेणी अ‍ॅलर्जी. तिच्यावर पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नये. १०८ ला फोन करावा, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर बसू द्यावं, पण उभं करून चालवू नये. स्वतः टोचायची तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. म्हणून घरी काय ठेवायचं, किती आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून आणि हाताने करून शिकून घ्यावं.

अ‍ॅलर्जीच्या तपासण्या दोन. एकात हाताच्या त्वचेवर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून हलकंसं टोचतात. दुसऱ्यात रक्तातलं त्या पदार्थाविरुद्धचं आयजीई नावाचं प्रतिपिंड मोजतात. त्वचेच्या तपासणीआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, ते आधी विचारून घ्यावं. अहवालात एखाद्या पदार्थापुढे खूण आली म्हणजे अ‍ॅलर्जी ठरली असं होत नाही. शरीराने तो पदार्थ ओळखलाय एवढंच त्यातून कळतं. जो पदार्थ आपलं माणूस रोज खाऊन ठीक आहे, तो केवळ अहवालापायी बंद करू नये. अहवाल आणि प्रत्यक्ष त्रास यांची सांगड डॉक्टरांनी घालायची असते. तरीही शंका उरली तर रुग्णालयात, त्यांच्या देखरेखीखाली पदार्थ थोडा थोडा खायला देऊन बघतात, आणि सगळ्यांत भरवशाचं उत्तर त्यातूनच मिळतं.

शेकडो पदार्थांची एकाच रक्तनमुन्यातून तपासणी करून देणारी पॅकेजेसही मिळतात. त्यांत बहुधा आयजीजी हे वेगळं प्रतिपिंड मोजलेलं असतं. आयजीजी आपण जे खातो त्याविरुद्ध सहजच तयार होतं, ते आजाराची खूण नाही. युरोपमधल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच ही तपासणी निदानासाठी करू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. मला या पॅकेजांचा खरा राग येतो तो पैशांपेक्षा पुढच्या परिणामांमुळे. आधीच गळून गेलेल्या माणसाच्या हातात तीस-चाळीस वर्ज्य पदार्थांची यादी पडते आणि जेवणातला उरलासुरला आनंदही जातो.

सगळ्या तपासण्या ठीक आल्या आणि थकवा सहा महिन्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टर एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोमचा विचार करतात. हे नेहमीचं दमणं-भागणं नाही. त्याची मोठी खूण म्हणजे थोड्याशा शारीरिक किंवा मानसिक श्रमानंतर प्रकृती एकदम ढासळणं, आणि तेही लगेच नाही तर कधी बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी. झोपेने ताजंतवानं वाटत नाही, डोकं चालत नाही, उभं राहिलं की गरगरतं. या आजाराला बरं करणारा आहार आजवर सिद्ध झालेला नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत समतोल जेवण आणि पुरेसं पाणी यांवर भर आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी हा आजार बरा होतो असं मानायला पुरेसा आधार नाही, हेही तिथे नमूद आहे. रोज ठरावीक मापाने व्यायाम वाढवत न्यायची जुनी पद्धत त्यांनी त्याच मार्गदर्शिकेत बाजूला ठेवली. आहाराचं काम इथे वेगळं आहे. कमतरता होऊ न देणं, पोटाचा त्रास कमी करणं आणि खाण्यापायी खर्च होणारी ताकद वाचवणं.

यानंतर वही काढावी. दोन आठवडे जेवण नेहमीचंच ठेवून रोजची नोंद करायची: काय खाल्लं, किती, किती वाजता, त्रास कोणता, किती वेळाने. बहुतेक वह्या इथेच थांबतात आणि म्हणून फसवतात. त्याच पानावर झोप, आदल्या दोन दिवसांतले श्रम, मासिक पाळी आणि घेतलेली औषधंही लिहावीत. समजा रविवारी लग्नाला गेलात, जिलबी-मठ्ठा झाला आणि मंगळवारी आपलं माणूस अंथरुणाला खिळलं. घरात सगळे जिलबीला दोष देतात. वहीत मात्र दिसतं की रविवारी तीन तास उभं राहणं झालं, प्रवास झाला, गोंगाटात बोलणं झालं. दोन दिवसांनी आलेली ती घसरण श्रमाची असू शकते. औषधांचंही तसंच. अंगावर पित्त उठतं म्हणून रोज घेतली जाणारी अ‍ॅलर्जीची जुन्या पद्धतीची गोळी स्वतःच झोपाळू करते. थकव्याचा काही भाग तिचा असतो.

वहीत एखादा पदार्थ पुन्हा पुन्हा त्रासाच्या आधी दिसला, तरच तो तात्पुरता काढून बघावा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, आधीच वजन कमी असलेली माणसं आणि खाण्याची भीती बसलेली माणसं यांच्यासाठी हे आहारतज्ज्ञांशिवाय करू नये. बाकीच्यांनी एका वेळी एकच पदार्थ काढावा, दोन ते चार आठवड्यांसाठी, आणि सुरुवातीलाच दिनदर्शिकेवर परतीच्या तारखेला खूण करावी. मधे गणपती, दिवाळी, घरचं कार्य येत नाही ना ते आधी बघावं. त्या काळात नवी गोळी, नवा काढा, नवा व्यायाम काहीही सुरू करायचं नाही, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.

ठरलेल्या तारखेला पदार्थ परत आणायचा. पहिल्या दिवशी चव घेण्यापुरता, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी नेहमीइतका. मग दोन-तीन दिवस नुसतं बघायचं. त्रास परतला तर थांबवावं, पोट शांत झाल्यावर आणखी एकदा बघावं. दोन्ही वेळा तोच त्रास झाला तर तो पदार्थ सोसत नाही असं धरायला हरकत नाही. काहीच झालं नाही तर तो निर्दोष, त्याच दिवसापासून ताटात. ही परतीची पायरी लोक जवळजवळ नेहमी गाळतात. पदार्थ काढल्यावर बरं वाटलं की परत खायची भीती वाटते, आणि ते समजण्यासारखं आहे. पण आजार आपल्या चालीने खाली-वर होत असतो. काढल्यानंतर बरं वाटणं हा अर्धाच पुरावा आहे.

गव्हाबाबत आणखी एक बारकावा. सीलिअ‍ॅक नाही हे ठरलं आणि तरी पोळी खाल्ली की पोट फुगतं, तेव्हा दोष ग्लुटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा असू शकतो. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबतं आणि वायू धरतो. कांदा आणि लसूण यांतही ते भरपूर असतं. म्हणून पोळी सोडूनही कांदा-लसणाच्या वाटणाने त्रास चालूच राहतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात अशा कर्बोदकांवर काम झालं आणि त्यातून फॉडमॅप आहार आला. तोही काही आठवड्यांपुरता असतो आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा असतो.

पदार्थ पक्का ठरला की स्वयंपाकघर तपासायचं, आणि इथे मराठी घरात लपलेल्या जागा बऱ्याच. ग्लुटेन टाळायचं असेल तर पहिली नजर हिंगाच्या डबीवर जावी. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, आणि तो हिंग रोजच्या फोडणीत पडतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो शोधावा. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, मेतकुटातही अनेक घरांत घालतात. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. शेवया, रवा, लापशी हे उघड. सोया सॉस मात्र लक्षात येत नाही, त्यातही गहू असतो.

मग गिरणी. घरून स्वच्छ ज्वारी पाठवली तरी आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हाचं पीठ जात्याच्या पाळ्यांत राहिलेलं असतं. गिरणीवाल्याला सांगून भागत नाही. सीलिअ‍ॅक असेल तर घरघंटी वेगळी ठेवावी किंवा ग्लुटेन-मुक्त लिहिलेलं पीठ घ्यावं. आपल्या नियमानुसार अशा पदार्थात ग्लुटेन किलोला २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं. लाकडी पोळपाट-लाटणं, परात, पिठाची चाळणी आणि तळणीचं तेलही वेगळं हवं. फक्त पोट फुगत असेल, म्हणजे न सोसण्याचा प्रकार असेल, तर एवढा कडेकोट बंदोबस्त लागत नाही. घरच्यांवर विनाकारण ओझं टाकू नये.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे सांभाळायला सगळ्यांत अवघड, कारण दाण्याचं कूट कोशिंबिरीत, भाजीत, चटणीत, साबुदाण्याच्या खिचडीत सगळीकडे असतं. घाण्याचं शेंगदाणा तेलही अशा माणसांना चालत नाही, त्यात प्रथिनाचा अंश उरतो. कुटाऐवजी ओलं किंवा भाजलेलं खोबरं वापरता येतं. तिळाचं कूट वापरण्याआधी तिळाची अ‍ॅलर्जी नाही याची खात्री करावी. तीळ गोड्या मसाल्यातही असतात.

पाकिटावरची अक्षरं वाचायची सवय लावावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळं, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचे सल्फाइट यांची वेगळी सूचना छापावी लागते. तीळ आणि हरभरा या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी घटकांची सगळी यादीच वाचावी लागते.

जे काढलं त्याची भरपाई त्याच दिवसापासून करावी. गहू गेला तर आपण सुदैवी आहोत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा सगळं घरचंच आहे. दूध गेलं तर कॅल्शियमचं गणित करावं लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं, आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाल्ले जाणारे लहान मासे यांनी बाकीचं भरून काढता येतं. शाकाहारी माणसाचं दूध बंद झालं की बी-१२ चा स्रोतच संपतो. तिथे गोळीला पर्याय नाही. लोहाची गोळी किंवा लोहयुक्त जेवण चहाबरोबर घेऊ नये, तासाभराचं अंतर ठेवावं. लिंबू, आवळा सोबत असेल तर लोह चांगलं शोषलं जातं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर हवं. एका घोटात सगळ्या गोळ्या घेण्याची सवय इथे नडते.

थकलेल्या माणसाने स्वतःचं पथ्य स्वतः रांधावं ही अपेक्षा ठेवू नये. भाकरी थापायला उभं राहणं, पाट्यावर-मिक्सरवर वाटणं यात त्याची दिवसाची ताकद संपते. त्याला स्वयंपाक करावाच लागत असेल तर बसून चिरता येईल अशी सोय करावी, आणि भाकरीऐवजी धिरडी, घावन, उकड, आंबील यांवर भर द्यावा. बरं वाटेल त्या दिवशी दुप्पट डाळ शिजवून अर्धी लगेच गार करून फ्रिजमध्ये टाकावी. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच वेळा दिलं तर पचायला आणि बसून खायलाही सोपं जातं. वाईट दिवसांसाठी उशाशी हात पोचेल तिथे पाण्याची बाटली, राजगिऱ्याची वडी, लाह्या, केळी असावीत. उभं राहिल्यावर गरगरतं म्हणून मीठ-पाणी वाढवायचा सल्ला कधी कधी मिळतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो सल्ला परस्पर अमलात आणू नये.

तीन महिन्यांनी वजन, हिमोग्लोबिन, फेरिटिन पुन्हा बघावं. हिमोग्लोबिन सुधारलं म्हणून लोह लगेच थांबवू नये, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. सीलिअ‍ॅक असेल तर टीटीजीची तपासणी साधारण सहा महिन्यांनी परत होते. टीटीजीची पातळी उतरत नसेल तर कुठून तरी ग्लुटेन पोटात जातंय असं समजून हिंग आणि गिरणीपासून पुन्हा शोधायला लागावं. लहान मुलांची दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याचदा वाढत्या वयात जाते, म्हणून त्यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने दर एक-दोन वर्षांनी व्हावी. आणि एवढं सगळं करूनही कुठलाच पदार्थ दोषी ठरला नाही, तर सगळे पदार्थ ताटात परत आणावेत. त्या माणसाला पुरणपोळी, कढी, वांग्याचं भरीत पुन्हा पोटभर खाऊ द्यावं, आणि वही पुढे श्रम आणि विश्रांतीचा मेळ घालायला वापरावी.